माठ अकोल्याचा, पाणी आचऱ्याचं : गार का होत नाही?

माडाखालचा (धागाकर्ता)
मंडळी, हा धागा घरगुती भांडणातून निघालाय, तेव्हा सांभाळून घ्या.

सासुरवाडी अकोल्याची. तिथे एप्रिलात जेवायला बसलो की सासूबाई माठातलं पाणी देतात आणि पहिल्या घोटाला दात कळवळतात. बाहेर बेचाळीस, आत माठ. मला फ्रीजचं पाणी सोसत नाही, घसा धरतो, म्हणून गेल्या दिवाळीत तिथूनच दहा लिटरचा माठ घेतला. चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रेल्वेने कणकवलीपर्यंत आणि पुढे एसटीने आचऱ्यापर्यंत आणला. कंडक्टरने विचारलं, "बाळ झोपलंय का?"

आता मार्च लागला. माठ स्वयंपाकघरात ठेवलाय, रोज भरतो, आणि पाणी? कोमट म्हणत नाही, पण गार म्हणण्यासारखंही नाही. तळ्यातल्या पाण्यासारखं. सौ. म्हणते, "माठ आमचा चांगलाच आहे, तुमच्या कोकणची हवाच बिघडलेली." घर जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी माड. अकोल्याच्या स्लॅबपेक्षा घर कितीतरी थंड. मग माठालाच काय धाड भरलीय?

माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं, म्हणून आतलं गार होतं, एवढं शाळेत शिकलोय. त्यापुढचं कोणी सांगेल का?

वऱ्हाडी_ठेचा
काहून बा, माठाले बदनाम करता? माठाले पासपोर्ट लागते काय कोकणात याले? 😄 आमच्याकडं कूलर लावला की मे महिन्यात गोधडी घ्या लागते. तुमच्याकडं कूलर लावला त माणूस शिजते. मी गणपतीपुळ्याले येऊन पाह्यलं हाय.

तिरफळ
मडक्याक धुवूक साबण लावतास काय? आदी ता सांगा. आमची आजी फकत काथ्यान घासी आणि उन्हात वाळत घाली. साबणान भोका बुजतत, मगे पाणी थंड कसा होतला!

माडाखालचा
तिरफळताई, साबण नाही लावला. देवाशपथ. पण बाहेरून पांढरा थर धरलाय, बोट लावलं तर पिठासारखा निघतो.

तिरफळ
ता मीठ. बावडेचा पाणी जरा मचूळ असतला तुमचा. घासून काडा.

निवृत्त_गुरुजी
तिरफळ यांचं बरोबर आहे, तो क्षारांचा थर आहे. पाणी छिद्रांतून बाहेर येतं, उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मात्र तिथेच बसतात. छिद्रं बुजली की पाझर मंदावतो. तेलरंगाची नक्षी काढलेले माठ विकत मिळतात ना, त्यांचंही तेच. दिसायला छान, गुणाला शून्य.

आता मूळ प्रश्न. पाण्याचे सगळे रेणू एकाच वेगाने पळत नसतात. पृष्ठभागावरचे जे सगळ्यात चपळ, तेच बाकीच्यांची ओढ तोडून हवेत सुटतात. दहावीच्या वर्गातली पहिली दहा पोरं दुसऱ्या शाळेत गेली, तर मागे राहिलेला एकही पोर आदल्या दिवसापेक्षा ढ झालेला नसतो, पण वर्गाची सरासरी घसरते. तापमान म्हणजे ही सरासरी.

आणि ही घसरण किरकोळ नसते. तिशीच्या तापमानाला १ ग्रॅम पाणी उडून जायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. तेच १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला लागते १ कॅलरी. तुमच्या दहा लिटरच्या माठातून फक्त १०० मिली उडालं आणि बाहेरून उष्णता अजिबात आत आली नाही असं धरलं, तर आतलं सगळं पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरायला हवं.

शंकासुर
गुरुजी, वर्गाचा दाखला गोड आहे, पण मग कोकणातली हुशार पोरं शाळा सोडत नाहीत की काय? इथे तर सगळी मुंबईला जातात. 😏 शिवाय माझं मत वेगळं आहे. माती मुळातच थंड प्रकृतीची. जुनी माणसं उगाच नाही माठ वापरत. रेणूबिणू नंतर आले.

निवृत्त_गुरुजी
शंकासुर, नाव सार्थ करताय. कोकणातली पोरंही शाळा सोडतात, पण इथे शेजारच्या शाळेतून जवळजवळ तेवढीच हुशार पोरं रोज आत येतात. दमट हवेत बाष्प आधीच भरलेलं असतं, त्यातलेही रेणू माठाच्या ओल्या अंगावर आदळून परत पाण्यात शिरतात आणि येताना आपली उष्णता घेऊन येतात. जाणारे वजा येणारे, तो खरा हिशोब. कोरड्या हवेत येणारे नगण्य, म्हणून अकोल्यात फायदा.

थंड प्रकृतीचं म्हणाल तर घरीच करून बघा. स्टीलची कळशी घ्या, तिला सुती पंचा गुंडाळा, पंचा ओला ठेवा आणि वाऱ्यावर टांगा. मातीचा कण नाही, तरी पाणी उतरेल. मग माठाला बाहेरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा. माती तीच, पण पाणी खोलीच्या तापमानाला येऊन बसेल.

खारे_वारे
पूर्वी ट्रक-जीपला पुढे कॅनव्हासची छागल लटकवलेली असायची, आठवतंय का कोणाला? गाडी पळेल तितकं पाणी गार. माती नावालाही नाही.

शंकासुर
छागल मान्य. पण इंग्रज लोक इलाहाबादला उघड्या मैदानात मातीच्या ताटल्यांत बर्फ करायचे म्हणे. तेही बाष्पीभवनच ना? तिथे शून्यापर्यंत जातं आणि आमच्या माठात दोन अंश जात नाही?

निवृत्त_गुरुजी
वा, हा चांगला काढलात. रॉबर्ट बार्करने १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलंय. थंडीतल्या निरभ्र, निवांत रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवायचं, खाली पेंढा, पहाटे बर्फाचा पापुद्रा. बरीच वर्षं लोक त्याचं श्रेय बाष्पीभवनाला देत. खरा मोठा वाटा आकाशाचा : उघड्या, कोरड्या, निरभ्र आकाशाकडे पाणी रात्रभर उष्णता उत्सर्जित करत राहतं. खालचा पेंढा जमिनीची ऊब अडवतो. बाष्पीभवन मदतीला होतं, नायक नव्हतं. ढगाळ रात्री बर्फ होत नसे तो त्यामुळेच.

बाष्पीभवनाच्याच जोरावर शून्याखाली जायचं असेल तर पाण्यापेक्षा चपळ द्रव हवा. १७५८ मध्ये केंब्रिजला बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी तापमापीचा फुगा ईथरने पुन्हा पुन्हा भिजवून भात्याने वारा घातला आणि पारा उणे १४ सेल्सिअसपर्यंत उतरवला. फ्रँकलिनने तेव्हाच लिहिलं की अशाने उन्हाळ्याच्या दिवसातही माणूस गोठवून मारता येईल.

सिस्टरबाई
ईथरवरून आठवलं. इंजेक्शनआधी स्पिरिटचा बोळा फिरवला की "सिस्टर, गार लागतंय" म्हणतात ना, बाटली फ्रीजमधली नसते हो! खोलीतलीच. ते भराभर उडतं म्हणून गार.

तापाच्या पट्ट्यांचंही सांगते, कारण दर पावसाळ्यात यावरून नातेवाइकांशी वाद होतो. बर्फाचं पाणी नको. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पोराला हुडहुडी भरते आणि अंग आतून आणखी तापतं. कोमट पाण्याने अंग पुसायचं आणि ते अंगावर उडू द्यायचं. वरून चादरीत गुंडाळून ठेवलंत तर पुसण्याचा उपयोग काय?

कंप्रेसर
मी रत्नागिरीत फ्रीज-एसी दुरुस्त करतो. दर मार्चमध्ये चार तरी गिऱ्हाइकं येतात : "एसी परवडत नाही, कूलर द्या." मी हात जोडतो. कूलर म्हणजे पंखा, ओल्या जाळ्या आणि मोटर. नागपुरात कोरडी हवा जाळीतून जाताना दहा-पंधरा अंश सोडते. इथे तीन-चार, वर खोलीत बाष्प भरतं ते वेगळं. दारं-खिडक्या बंद करून लावलात तर अर्ध्या तासात खोलीची मोदकपात्रातली हवा होते. एका गिऱ्हाइकाने माझं न ऐकता बाहेरून आणला, महिन्याभरात कपाटातल्या लग्नाच्या शालूला बुरशी. मग तोच कूलर मला विकायला घेऊन आला. नाही घेतला.

आणि फ्रीज म्हणजे काही वेगळी जादू नाही. आतल्या नळीत गॅस द्रवाचा वायू होतो तेव्हा गारवा देतो, मागे कंप्रेसर त्याला दाबून परत द्रव करतो, उष्णता मागच्या जाळीतून बाहेर. म्हणून फ्रीजची पाठ गरम. तोही माठच आहे, उडालेलं पाणी परत पकडून आणणारा. आतला गॅस बंद नळीत फिरतो, त्याला बाहेरची हवा दमट आहे की कोरडी याने काही बिघडत नाही, म्हणून कोकणात माझं पोट भरतं.

सई_हर्णै
लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याचा सिलिंडर बघितलाय का? मोठी शेगडी तासभर भडकली की सिलिंडरला खालून घाम फुटतो, कधी पांढरं हिव धरतं. आमच्याकडे त्याला गरम पाण्याच्या घमेल्यात उभा करतात. लहानपणी वाटायचं सिलिंडरला ताप आलाय. 😀

कंप्रेसर
बरोब्बर. आत द्रव गॅस उकळतोय, उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून ओढतोय. दवाची रेघ जिथपर्यंत, तिथपर्यंत गॅस शिल्लक.

सई_हर्णै
आणि मासळीचं विचारायचं होतं. आई पाटीवर ओलं गोणपाट टाकायची. बाबा म्हणायचे गोणपाटाने फक्त ऊन अडतं, बर्फ घाल. कोण बरोबर?

निवृत्त_गुरुजी
दोघेही, पण बाजारात बाबा. १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी खातो, १ ग्रॅम पाणी उडताना त्याच्या सातपट. कागदावर गोणपाट जिंकतं. पण बर्फाला हवेशी देणंघेणं नाही, तो दमट दुपारीही वितळणारच आणि मासळी शून्याजवळ ठेवणारच. गोणपाट हवेच्या मर्जीवर. सुरमई हवेच्या मर्जीवर सोडू नये.

शिंपला
मग मिठागरात पाणी कसं उडतं हो? शिरोड्याची मिठागरं तर समुद्राला चिकटून. (१९३०चा शिरोड्याचा सत्याग्रह आजोबांच्या तोंडून ऐकलेला, म्हणून शिरोडा.)

निवृत्त_गुरुजी
दमट म्हणजे भरलेली नव्हे. दुपारी सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्के असेल तर अजून जागा आहे. शिवाय उथळ वाफ्यातलं पाणी ऊन खाऊन हवेपेक्षा तापतं, त्यामुळे जाणारे रेणू वाढतात. तिथे उष्णता सूर्य पुरवतो, गारवा कोणाला हवाय? पाणी जितकं खारट होत जातं तितका वेग मात्र मंदावतो.

माडाखालचा
गुरुजी, हे सगळं पटलं, पण मला आकडा हवाय. माझ्या माठाने किती उतरावं अशी अपेक्षा ठेवू? सौ.ला दाखवायला काहीतरी लागेल.

निवृत्त_गुरुजी
त्यासाठी ओल्या फुग्याचा तापमापक करा. शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे दोन साधे काचेचे तापमापक आणा. एक तसाच टांगा. दुसऱ्याच्या फुग्याला सुती वात गुंडाळा, वातीचं टोक पाण्याच्या छोट्या वाटीत सोडा, समोर पंखा लावा. दहा मिनिटांनी ओला तापमापक जिथे स्थिरावेल, तो तुमच्या माठाचा तळ. त्याखाली कोणताही माठ, कूलर, छागल जाऊ शकत नाही.

अंदाज सांगतो. अकोल्यात ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला फुगा २२ च्या आसपास. तुमच्याकडे ३३ आणि ७० टक्के असेल तर २८ च्या वर. म्हणजे अकोल्यापेक्षा नऊ अंश थंड दिवस असूनही तुमचा माठ त्यांच्या माठापेक्षा सहा अंश गरम. सौ. हवेला नावं ठेवतात ते चूक नाही.

वऱ्हाडी_ठेचा
वहिनीचा विजय असो. 🌶️

माडाखालचा
केला प्रयोग. तापमापक आणले, वात देवघरातून उचलली (समईची, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं). आज दुपारी तीनला पडवीत : कोरडा ३२, ओला २६.५. स्वयंपाकघरातला माठ : २९.

निवृत्त_गुरुजी
तळ २६.५ आणि माठ २९. म्हणजे अडीच अंश माठाच्या नव्हे, तुमच्या पदरात. माठ कुठे आहे नेमका?

माडाखालचा
ओट्याखाली. गॅसच्या बाजूला. भिंतीला टेकून. 🙈

तिरफळ
अरे देवा. पडयेत ठेवा तेका! तिवयेर ठेवा, खाली वाळू घाला आणि वाळूयेर पाणी शिपडा. वारो लागाक व्हयो सगळ्या बाजून.

माडाखालचा
काथ्याने घासला, दोन दिवस उन्हात वाळवला, पडवीत दाराच्या रेषेत तिवईवर ठेवला. आजचा आकडा : कोरडा ३२, ओला २६.५, माठ २७.५. पाणी जेमतेम दीड वाटी कमी झालं दिवसभरात. सुधारणा आहे. सौ.चं मत : "ठीक."

शंकासुर
फ्रीजमधून काढलेल्या तांब्यालाही बाहेरून घाम येतो. तोही पाझरच ना? मग तो का आणखी गार होत नाही?

सिस्टरबाई
स्टीलचा तांब्या पाझरला तर भांडीवाल्याकडे परत न्या. 😄

निवृत्त_गुरुजी
तो हवेतला दव आहे, उलटा व्यवहार. बाष्पाचं पाणी होताना ती ५८० कॅलरी तांब्याला परत मिळते. म्हणून आपल्याकडे गार सरबत अकोल्यापेक्षा लवकर कोमट होतं.

सिस्टरबाई
हे सगळं माणसाच्या अंगालाही लागू आहे, ते राहून जायला नको. घाम गळून गेला तर गारवा शून्य, उडाला तरच. कोकणात आपण निथळतो आणि तरी तापतो. ओला फुगा ३५ ला पोचला तर धडधाकट माणूसही सावलीत पंख्याखाली फार तास तग धरू शकत नाही, असं गणित शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडलं. पुढे २०२२ मध्ये निरोगी तरुणांवर प्रयोग झाले, त्यात दमट हवेतली मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. हवामान खातंही किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेसाठी ३७ अंशांपासून बघायला लागतं, मैदानात ४० पासून. "नागपूरला पंचेचाळीस असतं, तुमचं काय छत्तीसचं कौतुक" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना हे सांगा. आंबे उतरवणाऱ्या गड्यांना दुपारी बारा ते तीन झाडावर चढवू नका, हेही सांगा.

खारे_वारे
धागाकर्ते, एक गंमत सांगतो. फेब्रुवारी-मार्चात दोन-चार दिवस असे येतात की सह्याद्रीकडून पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचा खारा वारा दुपार टळली तरी आत येत नाही. किनारा त्या दिवशी भाजून निघतो. त्या दिवशी माठाचा आकडा घ्या. आम्ही बोटीवरचे लोक वाऱ्याची दिशा नाकाने ओळखतो, पूर्वेच्या वाऱ्यात ओठ फुटतात.

शंकासुर
म्हणजे सगळ्यात गरम दिवशी पाणी सगळ्यात गार? आता काहीही.

शिंपला
तोपर्यंत एक अवांतर : दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं ते विटा-वाळूचं बिनविजेचं शीतगृह कोणी कोकणात केलंय का? हापूस ठेवायला?

तिरफळ
हापूस थंड कित्याक करतास? आढयेत गवतात ऊब दी तेका. भाजी ठेव हवी तर.

निवृत्त_गुरुजी
तिरफळ यांच्याशी पूर्ण सहमत. पालेभाजी ओलाव्यामुळे टवटवीत राहील, पण थंडावा माठाइतकाच. ओला फुगा तिथेही राखण करतोच.

माडाखालचा
आठ दिवसांनी परत आलोय. काल रात्रीपासून वारा डोंगराकडून. सकाळी अंगणातला पाचोळा समुद्राच्या दिशेला पळत होता, दहा वाजताच कौलं कडकड वाजायला लागली. वाळत टाकलेला पंचा पाऊण तासात कडक झाला, एरवी संध्याकाळपर्यंत दमट राहतो.

दुपारी तीन : कोरडा ३७. ओला २१.५. मी वाटीतलं पाणी संपलं की काय म्हणून दोनदा वात तपासली. माठ २४ आणि अजून उतरतोय. माठाच्या पोटावर हात ठेवला तर तळहात ओला आणि गार. सकाळपासून पाऊण लिटर पाणी कमी.

शंकासुर, या आणि पिऊन जा.

शंकासुर
पाऊण लिटर? गुरुजींच्या हिशोबाने १०० मिलीला ६ अंश, मग ७५० मिलीला ४५ अंश उतरायला हवं होतं. बर्फ कुठाय?

निवृत्त_गुरुजी
पहिल्यांदा खरी शंका काढलीत. माठ खोलीपेक्षा गार झाला की खोली त्याच्यात उष्णता ओतायला लागते, आणि जितका गार तितकी जास्त. उडणाऱ्या पाण्याचा बराचसा खर्च ही घुसखोरी परतवण्यातच जातो. आवक-जावक जिथे जुळते तिथे माठ थांबतो, ओल्या फुग्याच्या थोडा वर. मी तेव्हा "बाहेरून उष्णता आत आली नाही असं धरलं तर" असं लिहिलं होतं, वर जाऊन बघा.

शंकासुर
बघितलं. लिहिलंय. 🙏

वऱ्हाडी_ठेचा
मंग एका दिवसापुरतं अकोला झालं म्हना की आचऱ्याचं!

माडाखालचा
झालं होतं. साडेपाचला माडांच्या झावळ्या अचानक उलट्या दिशेला वळल्या, खारा वारा आला. आत्ता सात वाजता कोरडा ३०, ओला २५. माठ मात्र अजून २३.५ वर आहे. दहा लिटर पाणी तापायला वेळ लागणार.

सौ. मघाशी पडवीत आली, एक पेला प्यायली, दुसरा भरला, मग आत जाऊन दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आली. म्हणाली, "वारा फिरलाय ना? मग हे पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवते."